पाडायचं ते पिवळं

चोपड्याला नदीकाठी आता जे गेस्ट हाऊस आहे, त्याच्या बाहेरच्या खोलीत, माशांच्या काचपेटीच्या वर, एका घराचा नकाशा चौकटीत घालून टांगला आहे. तो मी काढलेला आहे. तिथे हे कुणाला ठाऊक नाही, आणि मी सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही, कारण जुनं आणि नीटनेटकं असं जे काही दिसेल ते पोर्तुगीजांनीच केलेलं असणार, अशी हल्ली आपल्याकडे समजूत आहे.

गेले होते ती भाच्याबरोबर. त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला होता आणि पोरीला नदीकाठचाच हॉल हवा होता. आजकाल नदी नसली तर फोटो चांगले येत नाहीत म्हणे. "आत्या, तू पण चल. जल्मभर सरकारात नकाशे काडलंस, तुका हॉलाचां बरां कळता," असं म्हणून त्यानं मला गाडीत घातलं. कुठे चाललोय ते मी विचारलं नाही. शिवोलीचा पूल ओलांडून गाडी डावीकडे वळली तेव्हा मला कळलं, पण तोवर उशीर झाला होता. चोपड्याच्या त्या वळणावर मी चाळीसहून जास्त वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. पूल नव्हता तेव्हापासूनची ही टाळाटाळ आहे.

तर तो नकाशा. ट्रेसिंगचं कापड पार चहाच्या रंगाचं झालं होतं, रेघा मात्र अजून काळ्याभोर होत्या. पहिलं लक्षात आलं ते हे की तो उलटा लावलाय. वरची बाजू खाली नव्हे. कापडाची मागची बाजू पुढे. त्यामुळे घर आरशात दिसावं तसं झालं होतं. समुद्राच्या अंगाची ओवळ, म्हणजे बकुळ, पेडण्याच्या अंगाला गेली होती आणि अक्षरं सगळी उलटी पडली होती. दुसरं लक्षात आलं ते हे की घरावर पिवळा रंग आहे. मी काढला तेव्हा तो नुसत्या काळ्या शाईचा होता. आता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सगळं घर पिवळं होतं, फिकट, एकसारखं, कुठे एक डाग नाही.

"बरां दिसता न्हय?" गेस्ट हाऊसची मालकीण मागे येऊन उभी राहिली. पन्नाशीची, बोलघेवडी बाई. भाटकारांची, म्हणजे इथल्या जमीनमालकांची, सून. "पोर्तुगीज काळातलां आसा ह्यां. पेडण्याच्या इंजिनियराच्या चल्यान ऑफीस मोडलां, तेव्हा रद्दीत जात होतां. मीच म्हटलां, माका दी. पावणे येतत ते पयलो ह्याचोच फोटो काडतत."

मी हो हो म्हटलं आणि समोरच्या वेताच्या खुर्चीत बसले. भाचा हॉल बघायला मागच्या बाजूला गेला.

पेडण्याचं ते ऑफिस इंजिनियरांच्या मुलानं मोडलं, हेही मला तेव्हाच कळलं.

बाजारातल्या भुसारी दुकानाच्या माडीवर ते होतं. खालून सुक्या मिरच्यांचा आणि खोबऱ्याचा वास यायचा, आणि वर आलं की अमोनियाचा. नकाशाची प्रत काढायची म्हणजे कापडाखाली पिवळट कागद घालून काचेची चौकट खिडकीतल्या उन्हात धरायची, तोंडानं आकडे मोजायचे, आणि मग तो कागद गुंडाळून पत्र्याच्या उभ्या डब्यात अमोनियाच्या वाटीवर सोडायचा. झाकण उघडलं की वास थेट मेंदूत जायचा आणि जांभळ्या रेघा कागदावर उमटलेल्या असायच्या. त्या ऑफिसात कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर कुणी कारण विचारायचं नाही. पावसाळ्यात ऊन नसलं की प्रतीच निघायच्या नाहीत. लोकांची घरं आमच्याकडे ढग हटायची वाट बघत पडून राहायची.

मी विशीची होते. गोव्याच्या मुक्तीला पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करणारी आमच्या बॅचची मी एकटी मुलगी, त्यामुळे नाकाचा शेंडा जरा वरच असायचा. आपल्याला सगळं येतं, असं मला वाटायचं. पहिल्याच दिवशी दत्तारामबाबांनी माझी एक रेघ बघितली आणि अर्धं ब्लेड घेऊन ती खरवडून काढली. मग त्या जागेवर नखानं घासून कापड पुन्हा गुळगुळीत केलं. "आता काड," म्हणाले. तशा त्यांनी दिवसभरात माझ्या अकरा रेघा खरवडल्या. संध्याकाळी मी घरी जाऊन रडले आणि या ऑफिसात पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणून आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी हजर होते.

दत्तारामबाब पोर्तुगीजांच्या वेळी पणजीला बांधकाम खात्यात देझेन्यादोर होते. नकाशे काढणाऱ्याला त्या वेळी हेच म्हणत. बारीक अंगाचे, साठीला आलेले, पांढऱ्या शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, आणि नखं अशी स्वच्छ की भटजीनं लाजावं. त्यांच्या तरुणपणचे नकाशे मी बघितले होते. शाळा, पूल, एका चर्चचा दर्शनी भाग. पाण्याच्या रंगांनी भरलेले, प्रत्येक खिडकीखाली सावली, आणि सावली सगळीकडे एकाच कलाची, जणू सूर्य एकाच जागी उभा करून ठेवलाय. झाड काढलं तर ते माड आहे की आंबा हे कळायचं. "साहेबाक दाखवचा म्हणून न्हय गो," ते म्हणायचे, "गवंड्याक कळूक होया, सावली खंय पडतली." मुक्तीनंतर खात्यात इंग्रजी आलं. यांना पोर्तुगीज येत होतं, मराठी येत होतं, इंग्रजी नाही. काही वर्षं बाजूला बसवून मग घरी पाठवलं.

आमच्या साहेबांनी, म्हणजे इंजिनियरांनी, त्यांना ठेवून घेतलं ते हाताकडे बघून. इंग्रजी अक्षरं ते अशी काढायचे की छापल्यासारखी. अक्षरं पोर्तुगीजचीच, पण शब्द कळायचे नाहीत, नुसते काढायचे. चिठ्ठीवरचा शब्द समोर ठेवायचा आणि एकेक अक्षर रेघेसारखं उतरवायचं. अर्थ मी सांगायचे. "KITCHEN म्हणजे रांदची कूड, बाब." "आनी ह्यां?" "STORE. कोठार." एकदा साहेबांनी त्यांना काहीतरी इंग्रजीतून विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माझां इंग्लीश थंय बसलां आसा." सगळे हसले. मीही हसले, आणि मनातून फुगले.

फूट आणि इंच यांचा मात्र त्यांना मनापासून राग होता. पोर्तुगीजांचं सगळं काम मीटरवर. आमच्याकडे कंत्राटदार फुटांत बोलणार, सरकार मीटर मागणार, आणि मधल्यामध्ये आमची डोकी फिरणार. "मुक्ती मेळ्ळी ती बरी जाली," दत्तारामबाब टेबलावर पट्टी आपटून म्हणायचे, "पण मीटराचे फूट कित्या जाले, ता माका कोण सांगणा नाय!"

त्यांच्याकडून मी दोन गोष्टी शिकले, आणि त्या दोन गोष्टींनीच माझा हात खराब केला, असं आता वाटतं.

पहिली अशी की शाई करताना कागद फिरवून घ्यायचा, वरचं खाली. "घर बघू नको गो बाय. रेग बघ. घर बघलंस की मन घरात जाता, आनी रेग वाकडी जाता." सुरुवातीला हसू यायचं. पण खरंच, उलट्या कागदावर दार दार राहत नाही, जिना जिना राहत नाही. नुसत्या रेघा उरतात, आणि हात थरथरत नाही. दोन महिन्यांत मी सगळंच उलटं काढायला लागले.

दुसरी रंगाची. मंजुरीला जाणाऱ्या प्रतींवर हातानं रंग भरायचा असे. नवं बांधायचं ते तांबडं, पाडायचं ते पिवळं. हे पोर्तुगीजांच्या वेळीही असंच होतं. राज्य गेलं, भाषा गेली, मीटरचे फूट झाले, पिवळा तेवढा राहिला. रंग द्यायचा तर पाट थोडा उतरता ठेवायचा, ब्रश भरून वरून सुरू करायचं आणि ओल खाली खाली ओढत न्यायची. मध्ये थांबायचं नाही. "मागे फिरूचां नाय," ते माझ्या खांद्यावरून बघत म्हणायचे. "मागे फिरलंस की डाग. जा, जा, सकयल जा." ट्रेसिंगच्या कापडावर तर रंग देणं महाकठीण. पाणी लागलं की त्याची खळ सुटते, कापड आखडतं. तिथे रंग मागच्या बाजूनं द्यायचा, साबणाचा थेंब घालून, जवळजवळ कोरड्या ब्रशानं. ते फक्त त्यांनाच जमायचं. मी तीनदा करून बघितलं आणि तीन कापडं वाया घालवली.

वाया गेलेली कापडं ते घरी न्यायचे. काकी, म्हणजे त्यांची बायको, ती कापडं उकळत्या पाण्यात घालायच्या. खळ आणि शाई निघून जायची आणि मागे तलम पांढरं कापड उरायचं. त्याची झबली शिवायच्या, आणि रुमाल. चोपड्यातली कितीतरी पोरं शाळांचे आणि पुलांचे नकाशे अंगात घालून वाढली असतील. मलाही एक रुमाल दिला होता. त्याच्या एका कोपऱ्यात जरा जरा दिसणारी एक कमान शिल्लक होती. तो रुमाल मी कुठे घालवला ते आठवत नाही. आठवत नाही हे खोटं आहे. मी तो टाकला.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती मापं घ्यायला. "नवीन घर कोणय काडता," बाब म्हणाले, "उबां आसलेलां घर काडून दाखय. माझांच काड." चार रविवार मी पेडण्याहून बसनं चोपड्याला जात होते. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या, शेणानं सारवलेलं अंगण, चिऱ्यांच्या भिंती, शिंपल्यांची जनेलं, म्हणजे खिडक्या, आणि आत पाऊल टाकलं की थंड ओलसर वास. भिजत घातलेल्या उकड्या तांदळाचा आणि सुकत टाकलेल्या सोलांचा. टेपचं एक टोक बाब धरायचे, दुसरं मी. मी आकडा ओरडायचे, ते वहीत लिहायचे. मधूनच काकी हाक मारायच्या, "पुरे गो त्या भिंतीचां! उंडे निवतत!" मग गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणि मुगाची पातळ भाजी. "ह्या मनशाक घर बांदूक येणा नाय," काकी मला सांगायच्या, "नुसतां काडूक येता. बांदलां ता ह्याच्या बापायन."

बापानं बांधलेलं ते घर एका कोपऱ्यात कापल्यासारखं होतं. समुद्राच्या अंगाला ओवळीचं झाड होतं. भिंत त्याच्यावर जात होती. गवंडी म्हणाले, झाड तोडा. बाबांची आई म्हणाली, केसांत माळायला वळेसर कशाचे करू? मग झाड ठेवलं आणि भिंत वळवली. तो कोपरा मापायला आम्हाला एक पूर्ण रविवार लागला. खाली ओवळांचा सडा पडलेला. माझ्या वेणीत, टेपच्या घडीत, वहीच्या पानांत ती फुलं. मंगळवारी ऑफिसात वही उघडली तरी वास यायचा.

नकाशा काढला. मला वाटलं, झकास झालाय. बाबांनी कंपास घेऊन बाहेरच्या खोलीचा कर्ण मोजला, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरपी रेघ, आणि मान हलवली. घरात टेपनं घेतलेला कर्ण आणि कागदावरचा कर्ण यात दोन बोटांचा फरक. "खंय तरी चुकलंस. परत माप घे." मी परत गेले. परत दोन बोटं. खाली उजवीकडे दोन चौकटी असायच्या, काढणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. पहिल्या चौकटीत मी माझं नाव घातलं होतं, छान वळणदार. दुसरी कोरी. "अजून न्हय," बाब म्हणायचे. "सही घाण करूची नाय. जुळां दे."

ऑफिसातल्या प्रतींवर ते रोज सह्या करायचे, पण माझ्या स्वतःच्या कामावरच्या त्या एका सहीसाठी मी काय केलं नसतं! साहेबांची सही म्हणजे नुसता वेडावाकडा कोंबडा. बाबांची सही मिळाली की आपण देझेन्यादोर, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तो मे महिना होता. बाब भाचीच्या लग्नाला साखळीला गेले होते. साहेबांनी स्वतः पेन्सिलीनं काढलेला एक जमिनीचा नकाशा माझ्यापुढे टाकला. भाटकारांना पावण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या; तेव्हा हरमलच्या बाजूला गोरे लोक नुकतेच यायला लागले होते आणि शहाण्या माणसांना पुढचं दिसायला लागलं होतं. गावाच्या नावाची जागा कोरी होती, ते साहेब शेवटी घालणार होते. मध्ये एक छोटी आकृती, तिच्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं: OLD SHED. जुनी शेड. मी सवयीप्रमाणे कागद उलटा केला आणि शाई केली. अक्षरं घातली. उन्हात सहा प्रती काढल्या. मग पाट उतरता ठेवून रंगाला बसले. नव्या खोल्या तांबड्या. शेड पिवळी. कडक उन्हाळ्यात रंग ब्रशावरच वाळतो, पण त्या दिवशी माझा हात असा लागला होता की सहाच्या सहा प्रती एकही डाग न पडता उतरल्या. बाब इथे असते तर, असं मनात आलं.

वाळत टाकताना मी त्या सरळ केल्या. शेडचा एक कोपरा कापलेला होता, आणि कापलेल्या जागी झाडाचं एक लहानसं वर्तुळ.

मी खालची नदी बघितली. पायऱ्या बघितल्या. सहा प्रतींवर सहा वेळा बघितल्या.

जमीन भाटकाराची आणि तिच्यावरचं घर मुंडकाराचं, म्हणजे तिथे राहणाऱ्या कुळाचं, ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे; बाब मुंडकार होते. त्या सुमारास कायदा आला होता की मुंडकाराला राहत्या घरावर हक्क मिळेल. राहत्या घरावर, शेडवर नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून बघितलं. पण ऑफिसात आम्ही दिवसभर दुसरं बोलतच काय होतो?

साहेब आत आले. प्रती बघून खूश झाले. "शाब्बास. परवा फायली घेऊन पणजीला जातो. खात्यात ड्राफ्ट्समनच्या जागा निघाल्यात, तिथे तुझं नाव घालतो. मुलीचा हात असा, म्हटलं तर त्यांनाही पटलं पाहिजे." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं की मी ओळखलंय. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. मी उगाच अमोनियाच्या डब्याचं झाकण उघडलं, म्हणजे डोळ्यांचं कारण झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तारामबाब आले. लग्नातले लाडू आणले होते, कागदात बांधून, माझ्यासाठी वेगळे. ऑफिसचा नियम होता की बाहेर जाणारी प्रत्येक प्रत त्यांनी तपासायची आणि चौकटीत सही करायची. प्रती त्यांच्या टेबलावर होत्या. साहेब बाहेर गेले होते. मुद्दामच गेले असणार.

बाबांनी चष्मा लावला. पहिल्या प्रतीवर बोट फिरवलं. नदीवरून, पायऱ्यांवरून, वर. बोट कोपऱ्यात येऊन थांबलं. खाली दुकानात कुणीतरी मिरच्या कुटत होतं. पिवळा म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"मोडूचां म्हणतत," ते हळूच म्हणाले. मग मान वर केली. चेहरा शांत होता. "म्हणूं देत. घर म्हणून कागदार इलां की कायदो आसा. मोडूक देवचो नाय." बोट अक्षरांवर ठेवलं. "ह्यां काय बरयलां गो? वाच."

मला वाचायचं होतं. देवाशपथ वाचायचं होतं. दोन शब्द होते.

"जुनां घर," मी म्हटलं.

"घर म्हणून बरयलां ना?"

"होय, बाब."

त्यांनी सहा प्रतींवर सही केली. एकेक, सावकाश, ब्लॉटिंग पेपरनं टिपत. शेवटची टिपून झाल्यावर प्रत उजेडात तिरपी धरली आणि म्हणाले, "रंग बरो पडलो. खंयच डाग नाय." मग लाडवाची पुडी माझ्याकडे सरकवली.

पावसाळा संपता संपता मला पणजीचं पत्र आलं. घरी पेढे वाटले. पुढचं सगळं मी ऐकलेलं आहे, बघितलेलं नाही. ते कचेरीत गेले तेव्हा त्यांच्याच सहीचा नकाशा त्यांच्यापुढे ठेवला, आणि कारकुनानं तो शब्द मोठ्यानं वाचून त्याचा अर्थ सांगितला. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, असं सांगणाऱ्यानं सांगितलं. घेतलं असतं तर बरं झालं असतं. घर पाडलं, ओवळ तोडली, दोघं डिचोलीला मुलीकडे राहायला गेली.

एकदा डिचोलीच्या बस स्टँडवर मला ते दिसले होते. मी खाणीच्या बाजूच्या एका शाळेची मापं घेऊन परत चालले होते. आता मी सरकारी, हाताखाली दोन माणसं. ते बाकावर छत्री गुडघ्यांत धरून बसले होते. शर्टाचं बटण गळ्यापर्यंत. लाल धूळ उडवीत ट्रक जात होते आणि ते प्रत्येक ट्रकनंतर बाही झटकत होते. मी बसच्या मागे जाऊन उभी राहिले, बस सुटेपर्यंत. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. मी गेले नाही. जाऊन काय सांगणार होते?

खात्यात माझ्या हाताची तारीफ व्हायची. मग संगणक आले, कापडं रद्दीत गेली, रूलिंग पेनं कपाटात गंजली. भाच्याची मुलगी आता आर्किटेक्ट होतेय. पाडायचा भाग तिच्या पडद्यावर एका टिचकीसरशी नाहीसा होतो. रंगसुद्धा द्यावा लागत नाही.

"आत्या, हॉल बरो आसा," भाचा येऊन म्हणाला. "तू चाय घे, मी बोलान येतंय."

मी उठले आणि चौकटीजवळ गेले. चष्मा पुसून पुन्हा लावला. एवढं घर मोजलेलं. हातच्या काकणाला आरसा कशाला? उलटी अक्षरं वाचायची मला सवय आहे. खाली, जी बाजू आता डावी झाली होती, त्या कोपऱ्यात माझं नाव होतं, विशीतल्या वळणाचं. आणि कापडाच्या पाठीवरचा तो रंग: साबणाचा थेंब घालून, कोरड्या ब्रशानं, कुठेही न आखडलेला. तसा रंग देणारं माणूस सबंध पेडण्यात एकच होतं. ऑफिस सोडून जाताना कधीतरी, माझ्या खणातून कापड काढून, पाट उतरता ठेवून त्यांनी आपलं घर वरपासून खालपर्यंत पिवळं केलं होतं. मागे न फिरता.

मग दुसरी चौकट बघितली. ती कोरी नव्हती.

"तपासलां. मापां जुळतत." आणि खाली सही, पूर्ण, ब्लॉटिंगनं टिपलेली.

इतकी वर्षं मी त्या सहीसाठी झुरले होते. ती मिळाली होती. मला कळायच्या कितीतरी आधी मिळाली होती आणि इंजिनियराच्या माडीवर रद्दीत पडून होती. ती क्षमा आहे असं मानायचा मोह मला झाला, मी नाकारत नाही. पण मी त्यांना ओळखत होते. दोन बोटांचा फरक असताना त्यांनी कधी सही घाण केली नसती. फरक दाखवायला घर उरलं नाही, तेव्हा त्यांनी सही केली.

"काय बघतंस, आजी?" मालकीण चहाचा कप घेऊन आली. तिनंही चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्या शेजारी वाकली. "माका नेमी वाटता, हो पिवळो रंग कित्या दिलो आसतलो? तुका ठावक आसतला. तू नकाश्यांतली, भाचो म्हणालो."

काचेत आम्हा दोघींचे चेहरे दिसत होते, घराच्या वर. भाच्याचा आवाज आतून येत होता. जेवणाची पानं किती, स्टेज कुठे.

"शोभेक," मी म्हटलं.

"माका वाटलांच," ती म्हणाली आणि चहा माझ्या हातात दिला.